गोळी एक, औषधं तीन: वेदनाशामक मिश्रणांचा छुपा हिशेब

डेंटिस्टने दाढदुखीवर दिलेली गोळी, दिवसातून दोनदा. त्यातच ताप भरला म्हणून घरात पडलेली ‘सिक्स फिफ्टी’, चार वेळा. नाक गळतंय म्हणून मेडिकलमधून मागून आणलेली सर्दीची गोळी, तीन वेळा. पावसाळ्यात असा दिवस कुठल्याही घरात उजाडू शकतो. घेणाऱ्याला आपण काही जास्त घेतलंय असं मुळीच वाटत नाही, कारण तीन दुखण्यांवर तीन वेगळ्या गोळ्या घेतलेल्या असतात.

आता तिन्ही स्ट्रिप उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचू. दाढेच्या गोळीत ॲसेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल ६५०. सर्दीच्या गोळीत आणखी दोन औषधांच्या सोबतीला पॅरासिटामॉल ५००. दिवसाची बेरीज ६५० अधिक २६०० अधिक १५००, म्हणजे ४७५० मिलिग्रॅम. निरोगी, धडधाकट मोठ्या माणसाने २४ तासांत ४००० च्या वर जायचं नसतं. वजन कमी असेल, रोजची दारू असेल किंवा लिव्हरचा जुना आजार असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते.

डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात त्या वेदनाशामक गोळ्यांपैकी कितीतरी गोळ्यांत एकच औषध नसतं. दोन असतात, कधी तीन. कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. झिरोडॉल-पी म्हणजे ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. अल्ट्रासेट म्हणजे ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. ही सगळी नावं आपल्या तोंडात बसलेली आहेत, पण आत काय आहे हे क्वचितच कुणाला सांगता येतं. धोका नेमका तिथेच सुरू होतो.

मिश्रण म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. दाढ काढल्यावरच्या दुखण्यात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिल्याने एकेकट्यापेक्षा जास्त आराम पडतो, याला चांगला पुरावा आहे. दोघांची काम करायची पद्धत वेगळी, त्यामुळे दोन्ही थोडी थोडी देऊन भागतं. ट्रॅमाडॉलसोबत पॅरासिटामॉल घालण्यामागेही ट्रॅमाडॉल कमी लागावं हाच विचार आहे. विचार चांगला आहे. फक्त एक गोष्ट त्यात अडकून बसते: दोन औषधं एका गोळीत बांधली की एकाचा डोस दुसऱ्याला सोडून वाढवता येत नाही. दुखणं थांबेना म्हणून दोनाच्या चार गोळ्या केल्या, की ज्याची गरज होती ते औषध दुप्पट होतं आणि ज्याची नव्हती तेही दुप्पट होतं.

अमेरिकेत याचं मोठं उदाहरण घडलं. तिथे हायड्रोकोडोन किंवा ऑक्सिकोडोन ही अफूच्या कुळातली औषधं पॅरासिटामॉलसोबत एका गोळीत दिली जात, आणि काही गोळ्यांत पॅरासिटामॉल चक्क ७५० मिलिग्रॅम असे. अफूवर्गीय औषधाची सवय लागली की तेवढाच परिणाम मिळायला जास्त गोळ्या लागतात. माणूस वाढवत जायचा हायड्रोकोडोनसाठी, आणि मार बसायचा लिव्हरला. पॅरासिटामॉलमुळे लिव्हर अचानक निकामी झालेल्या तिथल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांनी जीव द्यायला गोळ्या घेतल्याच नव्हत्या. ती माणसं दुखणं कमी करायला बघत होती. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सांगितलं की चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि लिव्हरचा इशारा ठळक चौकटीत छापा. कंपन्यांना त्यासाठी ३ वर्षं दिली होती. आपल्याकडच्या बऱ्याच स्ट्रिपवर दिसणारा ३२५ हा आकडाही याच काळजीतून आलेला आहे.

लिव्हरचं काय बिघडतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की बाकी सगळं कळतं. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे घालवतं. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ बनतो. लिव्हरमध्ये ग्लुटाथिओन नावाचं रसायन असतं, ते या विषाला लगेच पकडून निकामी करतं. नेहमीच्या डोसमध्ये हे बिनबोभाट चालतं. डोस वाढला की विष जास्त तयार होतं आणि ग्लुटाथिओनचा साठा संपतो. मग तेच विष लिव्हरच्या पेशी मारू लागतं. रोज दारू पिणाऱ्याचा, कुपोषित माणसाचा, तापात ३-४ दिवस धड न जेवलेल्याचा हा साठा आधीच कमी असतो. म्हणजे आजारपणात, जेव्हा आपण गोळ्या जास्त घेतो, नेमका तेव्हाच बचाव कमकुवत असतो.

त्यात फसवं काय, तर पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतच नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी. दुसऱ्या दिवशी बरंही वाटू शकतं. आणि त्याच वेळी आत लिव्हर मरत असतं. कावीळ, गुंगी, रक्त न गोठणं हे सगळं त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागतं.

पॅरासिटामॉलबद्दल इतकं बोललो म्हणून मिश्रणातलं दुसरं औषध साधं आहे असं समजू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनामिक ॲसिड ही सगळी एका घराण्यातली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सूज आणि वेदना निर्माण करतात, त्यांना ही औषधं अडवतात. पण त्याच कुळातली रसायनं जठराचं आतलं अस्तर सांभाळतात आणि किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. वेदना थांबवताना हे संरक्षणही जातं. म्हणून अल्सर होतात, शौचाला काळं डांबरासारखं होतं, पाय सुजतात, लघवी कमी होते. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो. डोस मोठा आणि दिवस जास्त असतील तर अधिकच.

“सोबत पित्ताची गोळी घेतो, मग काय होतंय?” हे उत्तर नेहमी ऐकू येतं. पँटोप्राझोलसारखी गोळी जठराला बऱ्यापैकी वाचवते. किडनीला ती वाचवत नाही, हृदयाला नाही, खालच्या आतड्यालाही नाही.

किडनीच्या बाबतीत एक तिहेरी गाठ आहे आणि ती आपल्याकडे घरोघरी बसलेली आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, ही दोन्ही एकाच गोळीत घेणारी लाखो माणसं आहेत. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करतं. लघवीची गोळी शरीरातलं पाणी कमी करते. आता गुडघा दुखतो म्हणून वर ॲसेक्लोफेनॅक आलं, की गाळणीकडे येणारी वाहिनी आवळली जाते. येणारं रक्त कमी, जाणारी वाट मोकळी, मग गाळण्यासाठी लागणारा दाबच राहत नाही आणि किडनी काम टाकते. साठी-सत्तरीतल्या माणसात, जुलाब लागलेले असताना किंवा उन्हाळ्यात, हे काही दिवसांतही होऊ शकतं. बीपीची गोळी एका डॉक्टरची, गुडघ्याची दुसऱ्याची, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिलेल्या नसतात. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी या जागेची वाटते. भर उन्हात ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम करून रात्री अंगदुखीची गोळी घेणाऱ्यांचं शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. धोका त्यांनाही आहे, आणि त्यांना हे सांगणारं सहसा कुणी नसतं.

डेंग्यूच्या दिवसांत तर तापावर मिश्र गोळी नकोच. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप कशाचा ते कळेपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल, तेही मापात. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी ‘तापाची गोळी’ म्हणून घेणारे इथेच फसतात. त्यांना वाटतं आपण पॅरासिटामॉल घेतलंय, आणि ते खोटंही नसतं.

आता ऑस्ट्रेलियातली गोष्ट. तिथे कमी मात्रेचं कोडीन आणि आयब्युप्रोफेन असलेल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत. कोडीन अफूवर्गीय, त्याची चटक लागते. काही जण दिवसाला डझनावारी गोळ्या खाऊ लागले. दवाखान्यात आले ते कोडीनच्या नशेत नव्हे, तर आयब्युप्रोफेनने जठराला पडलेलं छिद्र, रक्तस्राव आणि रक्तातलं पोटॅशियम धोकादायक रीतीने खाली गेलेलं, अशा अवस्थेत. १ फेब्रुवारी २०१८ पासून तिथे कोडीनच्या सगळ्या गोळ्या चिठ्ठीवर गेल्या. युरोपातल्या नियामकांनीही २०२२ मध्ये या मिश्रणावर किडनी आणि आतड्याचा इशारा वाढवला. पुन्हा तीच गाठ: एका औषधाची ओढ आणि दुसऱ्याचा मार.

आपल्याकडे चिठ्ठीवर जास्त दिसणारं अफूवर्गीय औषध म्हणजे ट्रॅमाडॉल. ते शेड्यूल एच-वन मध्ये आहे, म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून स्वतंत्र वहीत नोंद करायची असते. २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. तरीही कंबरदुखीच्या चिठ्ठीवर ते सहज लिहिलेलं असतं, आणि त्याच चिठ्ठीवर अनेकदा नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबॅलिनही असतं. दोन्ही गुंगी आणणारी. झोपेची गोळी, दारू किंवा सर्दीचं गुंगी आणणारं औषध यांची भर पडली की श्वास मंदावू शकतो. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठला आणि पडला, तर घरचे वयाला दोष देतात. एकदा चिठ्ठीही वाचून पाहावी. ट्रॅमाडॉलची आणखी एक बाजू फार कमी सांगितली जाते: ते फिट येण्याचा धोका वाढवतं, आणि नैराश्यावरच्या एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या औषधांबरोबर थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण असा गंभीर प्रकार घडू शकतो. मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत हे हाडांच्या डॉक्टरला सांगायला लोक लाजतात. लाजू नका, कृपा करून सांगा. १२ वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देऊ नये, असं अमेरिकेच्या नियामकाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं, कारण काही मुलांचं शरीर या औषधांचं इतक्या वेगाने रूपांतर करतं की नेहमीचा डोसही त्यांना जड जातो.

गोळीच्या नावापुढे लागणाऱ्या अक्षरांकडेही बघा. ‘एसपी’ असेल तर सेराशिओपेप्टिडेज आहे, सूज उतरवणारं म्हणून घातलेलं. ज्या जपानमधून हे औषध आलं तिथल्या मूळ कंपनीने २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं, कारण नव्याने केलेल्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे ते अजूनही भरपूर लिहिलं जातं. त्याने मोठी इजा होते असं मी म्हणत नाही, पण उपयोगाचा भक्कम पुरावा नसलेलं औषध पैसे देऊन का गिळायचं? ‘टीएच’ असेल तर थायोकोल्चिकोसाइड. त्यापासून शरीरात बनणारा एक घटक पेशींमधल्या गुणसूत्रांना इजा करू शकतो, म्हणून युरोपच्या नियामकाने २०१३ मध्ये ते तोंडाने जास्तीत जास्त ७ दिवस आणि गरोदरपणात मुळीच नको, असं ठरवलं. मान धरली म्हणून एकदा दिलेली ही स्ट्रिप दर वेळी मान धरली की पुन्हा आणणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

मेफ्टाल स्पास, म्हणजे मेफेनामिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन, पाळीच्या दुखण्यासाठी मुलींच्या बॅगेत असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनामिक ॲसिडबाबत सावधगिरीची सूचना काढली. क्वचित काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होते: ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, आणि लिव्हर-किडनीसारख्या अवयवांना त्रास. ही ॲलर्जी औषध सुरू केल्यावर २ ते ८ आठवड्यांनी दिसते, त्यामुळे कुणी त्याचा गोळीशी संबंध लावत नाही. पाळीच्या दोन दिवसांत गोळी घेणाऱ्या मुलींनी घाबरून जावं असं यात काही नाही. पुरळ आणि ताप एकत्र आले तर मात्र डॉक्टरला ही गोळी आठवणीने सांगावी.

इतकी मिश्रणं आली कुठून, हा प्रश्न पडायलाच हवा. नव्या मिश्रणाला मंजुरी केंद्राची लागते, उत्पादनाचा परवाना राज्य देतं. वर्षानुवर्षं केंद्राने न तपासलेल्या मिश्रणांना राज्यांतून परवाने मिळत गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयब्युप्रोफेनच्या घराण्यातल्या वेदनाशामकांच्या १२४ मिश्रणांपैकी फक्त ३४ मिश्रणांना केंद्रीय मंजुरी असल्याचं आढळलं. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने मिश्रणं तपासली आणि मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, बंदी रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तपासणी करायला सांगितलं. ती करणाऱ्या उपसमितीच्या प्रमुख होत्या मुंबईच्या नामवंत औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं बंद झाली. जून २०२३ मध्ये आणखी १४ गेली, त्यात पाण्यात विरघळणारी निमेसुलाइड-पॅरासिटामॉल गोळी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ गेली, त्यात ॲसेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ची गोळी होती. १०० आणि ३२५ ची गोळी मात्र चालू आहे. काल दुकानात होतं ते आज बंद, असं होऊ शकतं. दुकानात मिळतंय म्हणजे तपासलेलंच असेल, हा समज सोडून द्यायला हवा.

आणि हे फक्त आपल्यापुरतं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारितेतून समोर आलं की टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. एक अफूवर्गीय, दुसरं स्नायू सैल करणारं आणि व्यसन लावणारं. हे मिश्रण जगात कुठेही मंजूर नव्हतं. नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्टमधली तरुण पोरं ते नशेसाठी घेत होती. पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यावर छापा पडला आणि केंद्राने या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी काढून घेतली. आपल्या राज्यातल्या कारखान्यातून गेलेल्या गोळ्यांनी परक्या गल्ल्यांतली मुलं उद्ध्वस्त होत होती, हे मला फार लागलं.

घरी काय करता येईल? डॉक्टरला विचारा, या गोळीत कोणकोणती औषधं आहेत आणि किती दिवस घ्यायची. एकच औषध पुरेल का, हेही विचारायला हरकत नाही. गुडघ्यासारख्या त्वचेलगतच्या सांध्याला आधी डायक्लोफेनॅकचा मलम चालेल का ते पाहा, कारण त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. बीपी, रक्त पातळ करणारी गोळी, दमा, अल्सर, किडनी, गरोदरपण यांपैकी काही असेल तर न विचारता सांगा. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेनच्या घराण्यातलं औषध डॉक्टरच्या सांगण्याशिवाय घेऊच नये. स्ट्रिप कापताना नाव आणि घटक असलेला भाग शेवटी उरेल अशी कापा. एका दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी लक्षात ठेवावं की तिथे पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. टायलेनॉल म्हणजे तेच. आपल्या पिशवीतली डोलो आणि तिकडची टायलेनॉल एकाच दिवशी घेतली तर डोस जोडला जातो.

चुकून गोळ्या जास्त गेल्या असतील तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मोठ्या रुग्णालयात जा. ट्रॅमाडॉल घेतलेला माणूस हाक मारून उठत नसेल, श्वास संथ असेल, तर ‘झोपू दे त्याला’ म्हणू नका, १०८ ला फोन करा. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो ग्लुटाथिओनचा साठा भरून काढतो. पहिल्या ८ तासांत मिळाला तर लिव्हर जवळजवळ नेहमी वाचतं, आणि उशिरा दिला तरी उपयोग होतो. जाताना सगळ्या स्ट्रिप, रिकाम्याही, सोबत न्या. कोणती गोळी किती वाजता घेतली ते आठवून कागदावर लिहून न्या, कारण रक्तातलं पॅरासिटामॉल मोजल्यावर त्या आकड्याचा अर्थ लावायला डॉक्टरांना ती वेळ माहीत असावी लागते.